उत्तर आलं नाही तर

"परत आडकलं बघा, मॅडम," इलाहीभाई म्हणाले.

मी खिडकीपाशी उभी होते, ती मागे वळले. स्क्रीनवर पाचशे त्र्याऐंशीचा आकडा होता. मघाशीही तोच होता. भट्टी तापत होती, तिची घरघर भिंतीतून ऐकू येत होती, पण आकडा पुढे सरकत नव्हता. माउसचा बाण फिरत होता, बटणावर नेऊन दाबला तर काही होत नव्हतं.

"बंद करून चालू करू?" इलाहीभाईंनी विचारलं.

"करा."

मशीन पुन्हा सुरू व्हायला लागलं. मी परत खिडकीतून बाहेर पाहिलं. काचेपलीकडे हॉल होता, त्यात भट्टीच्या दारासमोर ट्रॉलीवर एका बाईंचा देह ठेवलेला होता. पांढरं कापड, पायाशी दोन हार. भिंतीला टेकून पंचवीस-तीस पुरुष बसले होते. काही जण हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणत होते. बराच वेळ म्हणत असल्यामुळे त्यांचे आवाज आता एकमेकांत मिसळेनासे झाले होते.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. शिरढवळ नावाच्या नदीकाठच्या गावात नगरपालिकेनं नवी विद्युतदाहिनी बांधली होती. भट्टी, पॅनेल आणि ती चालवणारा कॉम्प्युटर आमच्या कारखान्यानं पुरवलेला. सोमवारी रीतसर ताबा द्यायचा होता. मी आदल्या शुक्रवारी शेवटची तपासणी करायला आले होते, आणि चारच्या एसटीनं परत जाणार होते. पण सकाळी गावातल्या भूपाल चौगुले मास्तरांच्या पत्नी कुसुमताई गेल्या. माझ्यासाठी झाड तोडायचं नाही, असं त्यांनी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. नगरपालिकेच्या इंजिनिअरनं फोनवरच होकार दिला. "मशीनवाल्या मॅडम तिथंच आहेत," असं म्हणून ते मोकळे झाले.

मॅडम तिथंच होत्या खऱ्या. गेल्या चार महिन्यांत मी कुठे ना कुठे तिथंच असायचे. आमच्या कारखान्यात प्रोग्रॅमिंग येणारी मी एकटीच उरले होते. हा प्रोग्रॅम ज्यानं लिहिला तो मुलगा कुवेतला गेला होता, आणि त्याच्या मागे राहिलेलं सगळं माझ्या वाट्याला आलं होतं. एका गावची दाहिनी उरकली की दुसऱ्या गावची. लॉजच्या उशा, एसटीच्या खिडक्या, आणि सगळीकडे स्मशानाच्या फाटकावर मला बघून दचकणारी माणसं. झोप लागायची ती बसमध्येच.

मी कारखान्यात फोन लावला. हसबनीस साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

"रीस्टार्ट कर ना," ते म्हणाले.

"दर पंधरा-वीस मिनिटांनी अडकतंय, सर."

"मग तू दर दहा मिनिटांनी रीस्टार्ट कर. दीड तासाचा तर प्रश्न आहे. सगळीकडे असंच चाललंय की. कुणाची तक्रार आली का?"

"इथं पहिलाच देह आहे, सर."

"म्हणूनच म्हणतो, परत पाठवू नकोस. गावात बोभाटा होईल."

मी फोन ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी स्मशानात बसून प्रोग्रॅम अडकलेला पाहिला नव्हता, एवढंच.

अडकायचं कारण मला ठाऊक होतं. कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टमधून एक केबल भट्टीकडे जात होती. भट्टीत तीन जागचं तापमान सांभाळणारे तीन कंट्रोलर होते. प्रोग्रॅम एकेकाला विचारायचा, तापमान किती? तो सांगायचा, मग पुढच्याला. पण हीटरची वीज चालू-बंद करणारे मोठे कॉन्टॅक्टर खटकन बंद झाले की केबलवर गोंगाट व्हायचा आणि विचारलेला प्रश्न कंट्रोलरपर्यंत धड पोचायचाच नाही. ज्याला प्रश्न कळलाच नाही तो उत्तर कुठून देणार? आणि प्रोग्रॅम मात्र उत्तर येईपर्यंत तिथंच थांबून राहायचा. दार उघड म्हटलं तर ऐकायचा नाही, धुराचा पंखा वाढव म्हटलं तर वाढवायचा नाही. दार त्याच्या हुकमाशिवाय उघडत नव्हतं.

भट्टी रिकामी असताना हे चालून जात होतं. देह आत असताना नाही.

काचेवर टकटक झाली. मास्तरांचा पुतण्या, सुकुमार, दारात उभा होता. चाळिशीचा, दाढी न केलेला, सकाळपासून सगळी धावपळ त्यानंच केली असावी.

"मॅडम, काय ते एकदा सांगा. शेजारी लाकडाचा चौथरा आहे. लाकडं मागवायची तर आत्ता मागवायला पाहिजेत. दिवस मावळायच्या आत व्हायला हवं."

मी काही बोलायच्या आत त्याच्या मागून स्वतः मास्तर आले. उंच, वाकलेले, खांद्यावर ओला पंचा. ते मला म्हणाले, "बाई, खरं सांगा. काय होतंय?"

मला वाटलं होतं, सांगावं की आता होईल, सहाशेपर्यंत जाऊ द्या. दहा-दहा मिनिटांनी बटण दाबत बसावं आणि संध्याकाळच्या कुठल्या तरी बसमध्ये चढून डोळे मिटावेत. तसं करणं अगदी सोपं होतं.

"प्रोग्रॅम मध्येच थांबतोय," मी म्हणाले.

"आत घेतल्यावरही थांबेल?"

"थांबू शकतो."

"मग काय करायचं असतं?"

"परत चालू करायचं. पण ते होईपर्यंत आत काय चाललंय ते कळत नाही. पंखा, हीटर काही आपल्या हातात राहत नाही."

सुकुमारनं तोंड फिरवलं. मास्तर माझ्याकडेच पाहत होते.

"तुम्हाला दुरुस्त करता येईल?"

"दोन तास लागतील. प्रयत्न करते."

"प्रयत्नाचं नका सांगू. होईल की नाही, तेवढं सांगा."

"होईल," मी म्हणाले. होईल की नाही ते मला माहीत नव्हतं.

मास्तर पुतण्याला म्हणाले, "सुकुमार, ज्यांना घरी जायचंय त्यांना जाऊ दे. आपण थांबू. तिला घाई कधीच नव्हती."

मी कामाला बसले. खरं तर नवा भाग मी अर्धामुर्धा लिहून ठेवला होता, लॉजवर बसून, साहेबांनी 'चालतंय त्याला हात लावू नकोस' म्हणून सांगितल्यावरही. तो फ्लॉपीवर पर्समध्ये होता. त्यात विचारणं वेगळं आणि उत्तर घेणं वेगळं केलं होतं. प्रश्न केबलवर टाकायचा आणि लगेच पुढच्या कामाला लागायचं. उत्तर जसं येईल तसं, तुकड्यातुकड्यानं, पोर्टच हाक मारून सांगेल. ठरल्या वेळेत आलं नाही तर आकड्याच्या जागी रेघ दाखवायची आणि पुढच्या फेरीत पुन्हा विचारायचं. हुकमांचंही तसंच. दार, पंखा, हीटर, सगळ्यांचे हुकूम एका रांगेत, पण दाराचा आला तर तो सगळ्यांच्या पुढे. कागदावर हे सोपं दिसतं. जोडायला बसलं की एकेका ओळीत पाय अडकतो.

अर्धा तास गेला असेल. इलाहीभाई आत आले. ते मूळचे पाणीपुरवठ्यातले वायरमन. दाहिनीवर बदली झाल्याचं त्यांनी घरी अजून सांगितलेलं नव्हतं, असं ते मला सकाळी म्हणाले होते.

"मॅडम, फाटकाबाहेर मास्तरांची मुलगी बसलीय. त्रिशलाताई. का उशीर होतोय म्हणून विचारतायत. इथनं जाणारा प्रत्येक जण 'होईल आता' म्हणून पुढं जातोय."

"त्यांना आत बोलवा ना."

"बायका येत नाहीत आत."

"मी आहे की."

"तुम्ही कामाला आलाय," इलाहीभाई म्हणाले. आवाजात काही नव्हतं, आपलं जे आहे ते सांगितलं.

मी उठायला गेले, पण मग बसले. उठले तर धागा तुटणार होता. "त्यांना सांगा, मशीनमध्ये दोष आहे, तो काढतेय. आईंना अजून आत घेतलेलं नाही. असंच सांगा, नीट."

ते गेले. पाच-सात मिनिटांनी हॉलमधला मंत्र थांबल्यासारखा वाटला म्हणून मी वर पाहिलं. एक बाई हातात स्टीलची कळशी आणि फुलपात्र घेऊन हॉलमधून सरळ चालत येत होती. पन्नाशीच्या अलीकडची, केस घट्ट बांधलेले. बसलेले लोक तिच्याकडे पाहत होते. सुकुमार पुढं आला.

"अक्का, तू आत कशाला आलीस?"

"मॅडमना पाणी घेऊन आले," ती म्हणाली. "सकाळपासनं इथं आहेत त्या. कुणी पाणी विचारलं का त्यांना?"

सुकुमार बाजूला झाला. ती कंट्रोल रूममध्ये आली, मला पाणी दिलं, आणि कळशी खाली ठेवून काचेपाशी उभी राहिली. तिथून तिची आई समोर दिसत होती. मी पाणी पिऊन फुलपात्र परत दिलं. ती गेली नाही.

"बसा," मी म्हणाले. इलाहीभाईंचं स्टूल रिकामं होतं.

ती बसली. मी टाइप करत होते, ती समोर पाहत होती.

मग तिनं विचारलं, "काय बिघडलंय?"

मी सांगितलं, जमेल तसं. प्रोग्रॅम विचारतो आणि उत्तराची वाट बघत उभा राहतो, म्हणून बाकीचं सगळं खोळंबतं. आता असं करतेय की विचारून तो आपल्या कामाला लागेल.

"आणि उत्तर आलं नाही तर?"

"तर थोड्या वेळानं परत विचारेल."

"किती वेळा?"

"कितीही वेळा."

तिनं मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही. ती आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवत होती, असं तिनंच सांगितलं. आई तीन वर्षं अंथरुणाला होती. आण्णांना, म्हणजे मास्तरांना, आईचं अंग पुसणं जमायचं नाही, हात कापायचा. ते वाचून दाखवायचे. बाकीचं तिनं केलं.

"सकाळी अंघोळ मीच घातली," ती म्हणाली. "साडी नेसवली. मग खांदेकरी आले नि मला म्हणाले, तू आता थांब."

मी ऐकत होते, बोटं चालू होती.

पहिली चाचणी घ्यायची तर माणसं लागणार होती. इलाहीभाईंना मी पॅनेलमागे उभं केलं. मी 'काढा' म्हटलं की तिसऱ्या कंट्रोलरची वायर त्यांनी ओढायची, 'जोडा' म्हटलं की जोडायची. मला कोडवर लक्ष ठेवायचं होतं, आकड्यांवर ठेवायला कुणीतरी हवं होतं. मी त्रिशलाकडे पाहिलं.

"तिन्ही आकडे हलतायत का, एवढंच बघायचं. कुठला थांबला तर सांगा."

तिनं स्टूल पुढं ओढलं.

"इलाहीभाई, काढा."

"काढली."

"पहिला हलतोय," त्रिशला म्हणाली. "दुसरा हलतोय. तिसऱ्यापुढं रेघ आली."

मी स्क्रीनवरची दाराची खूण दाबून पाहिली. पॅनेलमध्ये दाराचा रिले कट्ट वाजला; दाराची मोटर चाचणीपुरती मी बंद ठेवली होती. थांबलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. खुर्चीला पाठ टेकली.

"जोडा, इलाहीभाई."

"तिसरा आला," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "पण मॅडम, दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा आकडा एकच कसा? मघाशी तीसचा फरक होता."

मी पाहिलं. खरंच एकच होता. क्षणभर मला काही उमजेना, डोक्यात नुसती भट्टीची घरघर. मग लक्षात आलं. दुसऱ्याचं उत्तर उशिरा येत होतं. तोवर वेळ संपली म्हणून प्रोग्रॅमनं तिसऱ्याला विचारलेलं असायचं, आणि मागून आलेलं दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याच्या नावावर पडायचं. वाट बघणं सोडलं की ही नवी अडचण येते. आलेलं उत्तर कुणाचं, ते ओळखून घ्यावं लागतं. प्रत्येक कंट्रोलर उत्तराच्या सुरुवातीला आपला नंबर पाठवतच होता. जुना प्रोग्रॅम तो बघायचा नाही, कारण त्याला गरजच नव्हती. मी तो तपासायला लावला आणि वाट बघायची मुदत थोडी वाढवली.

परत चाचणी. परत वायर. काढा, जोडा. इलाहीभाईंच्या सदऱ्याची पाठ भिजून चिकटली होती. त्रिशला आकडे वाचत होती, न थकता, एकाच सुरात, शाळेत हजेरी घेतात तसे. हॉलमध्ये आता दहा-बारा माणसंच उरली होती. मास्तर पत्नीच्या पायापाशी जमिनीवर बसले होते, पाठ भट्टीच्या दाराकडे करून.

"आता बरोबर आहे का?" मी विचारलं.

"तीनही वेगळे आहेत. वायर काढली की रेघ येते, जोडली की जाते."

"मग झालं."

मी सुकुमारला बोलावलं. तो बाहेरच्या नळावर हात-पाय धुऊन आला. मुलगा नसल्यामुळे सगळं त्यानंच करायचं होतं, आणि तो करत होता. विधी थोडकाच होता. मग तो कंट्रोल रूममध्ये आला आणि हात कपड्याला पुसत म्हणाला, "कुठलं दाबायचं?"

मी दाखवणार तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माउसवर त्रिशलाचा हात होता. शेवटच्या चाचण्यांत दाराची खूण तीच दाबत होती, मला टाइप करायला दोन्ही हात मोकळे हवे होते म्हणून. तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. तिनं हात काढून घेतला.

सुकुमारनं ते पाहिलं. तो दमला होता. त्यानं आधी काकांकडे पाहिलं, पण मास्तर तसेच बसून होते. मग त्यानं तिला विचारलं, "तुला जमतं का ते?"

"जमतं."

"मग तूच दाब," तो म्हणाला. "मी खाली ट्रॉलीपाशी थांबतो."

एक वयस्कर गृहस्थ उठले आणि फाटकाबाहेर निघून गेले. त्यांच्यामागे आणखी एक जण गेला. बाकीचे उठून हात जोडून उभे राहिले.

पहिला आकडा सातशेच्या पुढे होता. मी मान हलवली. त्रिशलानं दाबलं. दार वर गेलं, हॉलभर तांबूस उजेड पडला आणि सुकुमारनं व इलाहीभाईंनी ट्रॉली पुढे लोटली. मग ट्रॉली रिकामी मागे आली. तिनं परत दाबलं, दार खाली आलं.

ती रडली नाही. आकड्यांकडे पाहत राहिली.

पुढचा सगळा वेळ आम्ही दोघी तिथंच बसून होतो. मध्ये एकदा कॉन्टॅक्टर खटकन बंद झाल्याचा आवाज झाला आणि तिसऱ्या आकड्याच्या जागी रेघ आली. खरीखुरी, वायर कुणीही काढलेली नव्हती. त्रिशलाचा हात माझ्या मनगटावर आला. पहिला आकडा हलत होता. दुसरा हलत होता. रेघ तशीच. मग रेघ गेली, आकडा आला, आणि तिनं माझं मनगट सोडलं.

"आलं उत्तर," ती म्हणाली.

"हो."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमची आई आहे?"

"नाही. जानेवारीत गेली."

"तुम्ही गेला होता?"

"कुठं?"

"इथं. म्हणजे, अशा ठिकाणी. तुमचं तर कामच हे."

"नाही," मी म्हणाले. "बिल्डिंगच्या फाटकापर्यंत गेले. मग बायका वर गेल्या, त्यांच्याबरोबर मीही गेले."

ती वळून माझ्याकडे पाहू लागली, म्हणून मी उरलेलं सांगितलं. तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. आई माझ्या धाकट्या भावाकडे, श्रीपादकडे असायची. तिला आमच्या शहरातल्या विद्युतदाहिनीत नेलं. ती दाहिनी आमच्या कारखान्याची. तिच्या भट्टीची वीट न् वीट मला माहीत होती, केबल मी माझ्या हातानं ओढली होती, आणि प्रोग्रॅम हाच, जुना. मी स्वयंपाकघरात घड्याळासमोर बसले होते. आता दार उघडलं असेल. आता पंखा लागला असेल. आता तिसरा कंट्रोलर अडकायची वेळ झाली. शेजारणी मला चहा घे म्हणत होत्या आणि मला वाटत होतं, आत्ता तिथं कुणी बटण दाबतंय का? श्रीपाद परत आला तेव्हा मी दारातच विचारलं, मध्ये थांबलं होतं का? 'नीट झालं सगळं,' तो म्हणाला, माझ्याकडे न बघता, आणि अंघोळीला गेला. मी पुन्हा एकदा विचारलं, तेराव्याला. तो उठून गॅलरीत गेला. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलत होतो. मला वाटलं होतं, त्याला पर्वा नाही. तो एक सही करून मोकळा झाला, आणि माझ्या प्रश्नाचा त्याला त्रास होतोय.

त्रिशला उठली. तिनं मला फुलपात्र भरून पाणी दिलं.

दिवस मावळायच्या तासभर आधी सगळं आटोपलं. मास्तर कंट्रोल रूमच्या दारात आले, मला हात जोडले आणि मुलीला म्हणाले, "चल." ती त्यांच्याबरोबर हॉलमधून बाहेर पडली, पुढे बाप, मागे ती. फाटकातून ती परत आली, कळशी न्यायला, आणि मला म्हणाली, "शेजारच्यांनी जेवण पाठवलं असेल. आमच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, तेव्हा आत्ताच चला. बस रात्रीची पण असते."

मी गेले. पिठलं-भाकरी होती.

पुढच्या आठवड्यात साहेबांना न विचारता मी आमच्या शहरातल्या दाहिनीत गेले. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. तिथं तुळशीराम नावाचा ऑपरेटर होता, मी त्याला चांगली ओळखत होते. नवा प्रोग्रॅम बसवला, वायरी काढून-जोडून पाहिल्या, त्याला समजावून दिलं. मग विचारलं.

"जानेवारीत माझ्या आईला इथं आणलं होतं."

"ठाऊक आहे, मॅडम."

"मध्ये थांबलं होतं?"

तुळशीराम पॅनेलचं दार लावत होता. तो ते पुन्हा उघडून पुन्हा लावत बसला. "तुमच्या भावानं सांगू नका म्हणून सांगितलंय."

"म्हणजे थांबलं होतं."

"दोनदा. एकदा लवकर चालू झालं. दुसऱ्यांदा वेळ लागला, धूर बाहेर आला. बाकीची मंडळी तोवर गेलेली होती. ते गेले नाहीत. इथं माझ्याजवळ उभे राहिले शेवटपर्यंत. मी म्हटलं, साहेब, तुम्ही बाहेर बसा. तर म्हणाले, हे मशीन माझ्या बहिणीचं आहे. तिला यातलं काही कळू देऊ नका, ती झोपायची नाही."

मी खाली पायरीवर जाऊन बसले. किती वेळ बसले, सांगता येणार नाही. तुळशीराम एकदा येऊन बघून गेला.

संध्याकाळी श्रीपादकडे गेले. त्यानंच दार उघडलं. ऑफिसातून नुकताच आला होता, शर्टाची एकच बाही सोडलेली.

"आज वाट चुकलीस, ताई?"

मी आत जाऊन बसले. वहिनी बाजारात गेली होती. तो समोर बसला.

"दाहिनीत नवा प्रोग्रॅम बसवला आज," मी म्हणाले.

तो दुसऱ्या बाहीच्या बटणाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "तुळशीरामनं सांगितलं वाटतं."

"मी विचारलं."

"आता थांबत नाही?"

"नाही."

त्यानं मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत, हळू आवाजात म्हणाला, "दुसऱ्यांदा थांबलं ना, तेव्हा मी आईला सांगत होतो. म्हटलं, घाबरू नकोस, ताईचं मशीन आहे, जरा दम धर."